पटावरची मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने बोलावे असे आपल्या कार्यकारिणीला का वाटले, याचा आम्हांस अद्याप उलगडा झालेला नाही. अशा प्रसंगी साहित्यिक बोलवावेत, गायक बोलवावेत, अशी रीत आहे. आम्ही नोकरीची सारी वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमागोमाग या शहरी येऊन राहिलो. विषय कोणता घ्याल, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही ‘पटसंख्या’ असे उत्तर दिले. ते क्षणभर थबकले. मंडळाच्या घटत्या सभासदसंख्येविषयी आम्ही काही बोलणार की काय, अशी शंका त्यांना आली असावी. तसे नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका लहानशा गावातल्या सात इयत्तांच्या शाळेविषयी, आणि तिच्या पटावर कोणती मुले होती, कोणती राहिली व कोणती नव्याने आली, त्याविषयी.

पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. आज वर्गात किती बसली आहेत, हा प्रश्न निराळा, तो उपस्थितीचा. शिक्षक किती द्यायचे, खोल्या किती बांधायच्या, दुपारच्या खिचडीला तांदूळ किती पाठवायचा आणि शेवटी शाळा ठेवायची की मोडायची, हे सारे पटावरून ठरते. शाळेला भेट देणारा प्रत्येक अधिकारी खुर्चीवर बसता बसता प्रथम एकच प्रश्न विचारतो, “पट किती?” मुले काय शिकतात, हा प्रश्न चहा आल्यावर निघतो, कधी निघतही नाही.

ज्या शाळेत आम्ही सर्वांत अधिक काळ होतो ती जुन्या भाषेत ‘पूर्ण प्राथमिक’ म्हणजे पहिली ते सातवीची शाळा. चिऱ्यांच्या भिंती, वर कौले, पुढे लांब पडवी आणि घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा. आजूबाजूच्या वाड्यांतून चौथीपर्यंतच्या चिमुकल्या शाळा असत. त्यांतली मुले पाचवीपासून आमच्याकडे येत. त्यामुळे आमच्या सहावी-सातवीच्या वर्गांना त्या पंचक्रोशीत एक मान होता. मराठी सातवीला किती महत्त्व होते हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा शिक्षक होई, तलाठी होई, पोस्टात लागे. कोकणातल्या कित्येक घरांची गरिबी त्या एका परीक्षेने हटविली.

त्या परीक्षेपायी माणसे चालतही किती! महर्षी कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. शिक्षकी पेशाची वाट उघडणारी परीक्षा देण्यासाठी ते पायी सह्याद्री ओलांडून साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो या सबबीवर परीक्षेला न बसताच परत आले. ही हकिकत सातवीच्या वर्गाला सांगितली की मुले हसत. त्यांतली काही रोज दोन डोंगर उतरून शाळेत येत असत, म्हणून त्यांना साताऱ्याची चाल फारशी अवघड वाटत नसावी.

प्रत्येक शाळेत एक ‘दाखलखारीज’ नावाचे मोठे रजिस्टर असते. वर्गातले हजेरीपत्रक दरवर्षी बदलते. दाखलखारीज मात्र शाळेच्या जन्मापासून चालत येते. त्यात मुलाचे नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. ते सहसा कोणी वाचीत नाही. जन्मतारखेच्या दाखल्यापुरते उघडते नि मिटते. आम्ही पावसाळ्याच्या दिवसांत, शाळा सुटल्यावर पाऊस थांबेपर्यंत, ते वाचीत बसत असू. गावाचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल तर त्याने देवळातला शिलालेख मागाहून पाहावा, आधी हे रजिस्टर उघडावे.

मातृभाषेच्या रकान्यात पानाच्या आरंभी एकदा ‘मराठी’ लिहिलेले असे आणि खाली पानभर ‘ऐजन, ऐजन, ऐजन’. आपल्यांतील तरुणांनी हा शब्द ऐकला नसेल. ऐजन म्हणजे वरीलप्रमाणे. उर्दू शाळा निराळी होती, म्हणून आमच्या रजिस्टरात दुसरी भाषा येण्याचा प्रसंगच नव्हता. जातीचा रकाना मात्र विविध. कुणबी, मराठा, भंडारी, बौद्ध, सुतार, गुरव, आणि सड्यावरून येणारी गवळी धनगरांची मुले. जुन्या पानांवर काही जातींची नावे फारच विरळ भेटतात, आणि भेटतात ती दुसरी-तिसरीतच थांबतात. पुढे ती चौथीत दिसू लागतात, पुढे सातवीत. हा प्रवास कोणत्याही भाषणात न सांगता त्या रकान्याने मुकाट्याने नोंदविलेला आहे.

सोडण्याच्या कारणाचा रकाना वाचताना मात्र आम्ही थांबत असू. ‘मुंबईस गेला.’ पुन्हा ‘मुंबईस गेला.’ पुन्हा. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविली हे सर्वश्रुत आहे. परंतु जुन्या पानांवर एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की बाप मुंबईस असे आणि मूल गावच्या पटावर असे. परळ-लालबागच्या खोलीत दहा-दहा माणसे. तेथे कुटुंब कोठे ठेवणार? बायको-मुले गावी, मनिऑर्डर महिन्याला, आणि गणपती-शिमग्याला चाकरमानी घरी. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, ही त्याच जुन्या व्यवस्थेची खूण. अशा गावात पुरुष कमी दिसत. शाळा मात्र भरलेली असे. आम्ही नोकरीस लागलो त्याच सुमारास, १९८२ साली, गिरण्यांचा संप झाला. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी मुंबईच्या शाळांचे दाखले घेऊन मुले उलट आमच्याकडे आली. मुंबईची मुले म्हणून ती प्रारंभी ऐटीत असत. दोन-तीन महिन्यांत इरले पांघरून शाळेत येऊ लागली.

पुढे ही व्यवस्था पालटली. विरार, नालासोपारा, दिवा या बाजूंना भाड्याच्या का होईना, खोल्या मिळू लागल्या, आणि बापामागोमाग आई व मुलेही गेली. ज्या घरात पूर्वी आजी, आई आणि चार मुले असत तेथे आजी-आजोबा उरले. काही घरांना कुलूप. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, परंतु रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दुष्काळ नाही, साथ नाही, तरी जिल्हेच्या जिल्हे आटत आहेत.

त्यात मुलेही मुळात कमी जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १९९२-९३ च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी २.९ मुले होत; २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. ही आनंदाची गोष्ट आहे, हे आम्ही आग्रहाने सांगू. आमच्या वर्गात धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची पुस्तकाकडे एक नजर नि भावंडाकडे एक. ते दृश्य सरले हे बरेच झाले. पण पटाच्या हिशेबात मात्र त्याचे उत्तर वजाबाकीच येते.

आणि तिसरे कारण म्हणजे पिवळी गाडी. तालुक्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस ज्या वर्षी आमच्या तिठ्यापर्यंत येऊ लागली, त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत नाव घालावयास तीनच पालक आले. या पालकांना आम्ही कधी दोष दिला नाही. देणार कोणत्या तोंडाने? आमचा स्वतःचा मुलगा आम्ही पाचवीपासून तालुक्याच्या शाळेत घातला होता. परंतु एक गोष्ट पाहण्यात आली ती सांगतो. घरात एक मुलगा नि एक मुलगी असली की बसचे भाडे बहुधा मुलापुरतेच निघे. त्यामुळे आमच्या सहावी-सातवीत मुली अधिक आणि मुलगे कमी, असे होत गेले. कोणी पाहुणे येऊन “व्वा, मुलींचे शिक्षण वाढले!” म्हणून कौतुक करीत, तेव्हा आम्ही गप्प राहत असू.

असा पट ओसरत असताना एका नोव्हेंबरात, दिवाळीची सुटी संपून शाळा भरली त्या दिवशी, पडवीत एक गृहस्थ उभे होते. अंगावर तांबडी धूळ, बरोबर दोन मुली आणि एक मुलगा. आमच्या कातळावर तेव्हा चिऱ्याच्या खाणी वाढल्या होत्या आणि त्यांवर विजापूरकडची कुटुंबे कामास येऊ लागली होती. पावसाळ्यात खाणी बंद. दसरा-दिवाळी उलटली की माणसे येतात, मे अखेर परततात. थोरली मुलगी अकरा वर्षांची. तिच्याजवळ दाखला नव्हता, पण कानडीत लिहिता-वाचता येत होते. वयाप्रमाणे वर्गात घ्यावे आणि कागदावाचून कोणास परत पाठवू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. आम्ही रजिस्टर काढले. नाव लिहिले, जन्मस्थळ लिहिले, आणि मातृभाषेच्या रकान्याशी आल्यावर हात ‘ऐजन’ लिहावयास गेला. वर्षानुवर्षांची सवय! शाई टेकलीही. मग ते खोडून ‘कानडी’ असे लिहिले. ती खाडाखोड त्या पानावर अजून असेल.

पुढल्या काही वर्षांत ‘नेपाळी’ हा शब्दही त्या रकान्यात आला. हापूसच्या बागांतून राखणीस नेपाळी गडी ठेवण्याची पद्धत रत्नागिरीकडे आता सर्वत्र आहे. पूर्वी ते एकटे येत. मागाहून कुटुंबे येऊ लागली. बागेतल्या मांगरात संसार आणि मुले आमच्या शाळेत. त्यांतली पुष्कळशी कलमांना मोहोर यावयाच्या सुमारास येतात आणि आंबा संपला की जातात. काही बारमाही राहतात.

या मुलांना मराठी शिकविणे म्हणजे काय, हे आम्हांस त्यांनीच शिकविले. आमची सारी पुस्तके, मुलाला मराठी येते असे धरून लिहिलेली. विजापूरच्या त्या थोरलीला गणित आमच्या मुलांपेक्षा चांगले येई, परंतु शाब्दिक उदाहरण आले की ती हताशपणे फळ्याकडे पाही. तिला ‘उरले किती’ यातले ‘उरले’ कळत नसे. आमच्या दुसऱ्या शिक्षिका, त्यांना सारे गाव बाई म्हणे, त्यांनी युक्ती केली. कोकणातली एक धीट मुलगी तिच्याशेजारी बसविली आणि दोघींनी एकमेकींना रोज पाच-पाच शब्द द्यावेत असे ठरविले. शिमग्यापर्यंत थोरली आमच्या बोलीत भांडू लागली. भाषा आली की नाही हे ओळखण्याची आमच्या मते हीच खरी परीक्षा. आणि आमची मुलगी एक ते शंभर कानडीत मोजून दाखवी. तिच्या आजीला ते मुळीच रुचले नव्हते.

गावाने या मुलांना हौसेने घेतले, असे म्हणणे खोटे होईल. खाणीवरची मुले आपल्या मुलांशेजारी बसतात यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुरकूर झाली होती. तिला उत्तर आम्ही दिले नाही, एका आजोबांनीच दिले. चाळीस वर्षे गिरणीत काढलेले गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, “आपली पोरं मुंबैत कोणाच्या शेजारी बसली होती, ता आठवा जरा.” विषय तेथे संपला.

आपण सारे या शहरात मराठी बोलणारे परके म्हणून आलो आणि राहिलो. आपल्यांपैकी अनेकांच्या मुलांची नावे येथल्या शाळांत घातली गेली तेव्हा कोणीतरी त्यांच्या मातृभाषेपुढे ‘मराठी’ लिहिले असेल, वरखाली सारे ऐजन असताना. म्हणून ही गोष्ट आपणांपुढे सांगण्याचे आम्हांस धाडस झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. परंतु जन्म महूच्या छावणीत, तेथून कुटुंब दापोलीस, तेथून साताऱ्यास. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात त्यांचे नाव नोंदले गेले. बापाच्या नोकरीमागे गावे बदलणारे ते मूल होते, आणि वर्गात त्यास निराळे बसावे लागे. ते नाव त्या दिवशी कोणी लिहून घेतले नसते तर? असो.

आता मूळ अडचणीकडे येतो. शिक्षकांची पदे मंजूर करण्यासाठी सरकार पट मोजते तो ३० सप्टेंबरचा. ही तारीख कोणी वाईट हेतूने ठरविली असे नाही. जूनमधील प्रवेश स्थिरावलेले असतात, पाऊस ओसरत असतो. कचेरीत बसून पाहिले तर तारीख सोयीची आहे. परंतु आमच्या कोकणात त्या दिवशी खाणी बंद असतात आणि बागांत राखण बसलेली नसते. आमची कानडी आणि नेपाळी मुले यावयाची असतात. गणपतीला मुंबईहून आलेली मुले गावभर हुंदडून नुकतीच परतलेली असतात. ती आमच्या पटावर नाहीतच. म्हणजे गावात वर्षातून जास्तीत जास्त मुले असतात ती गणपतीत, आणि शाळेत जास्तीत जास्त मुले असतात ती जानेवारी-फेब्रुवारीत. आणि मोजणी होते ती या दोहोंच्या मध्ये.

घाटावर याच्या नेमके उलट आहे. बीड जिल्ह्यातली ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दसऱ्यानंतर कारखान्यांकडे जातात. ३० सप्टेंबरला तेथील शाळांचा पट भरलेला असतो, आणि महिन्या-दीड महिन्यात बाके रिकामी होतात. त्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे ठरले. कोठे ते चालले, कोठे नाही. पण एकाच तारखेने एका जिल्ह्यात नसलेली मुले मोजली जातात आणि दुसऱ्यात येणारी मुले सुटतात, हे दोन्ही पट शेजारी शेजारी ठेवले म्हणजे कोणासही दिसेल.

पटात खोटेपणाही झाला आहे. तो आम्ही लपवू इच्छीत नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, आणि कागदावर असलेली परंतु भूतलावर नसलेली मुले फार मोठ्या संख्येने उघडकीस आली. ते व्हावयासच हवे होते. मात्र तेव्हापासून प्रत्येक जादा नावाकडे चोरीचा माल म्हणून पाहण्याची वृत्ती आली. खाणीवरचा बाप आम्हांस विनवी, “गुर्जी, गावच्या शाळेतनं नाव काढू नका सांगा, जूनला परत तिथंच जायचंय.” म्हणजे एकच मूल दोन पटांवर, आणि दोन्ही ठिकाणी खरेच बसणारे. पुढे संचमान्यतेत आधार जुळलेली मुलेच धरावयाची असे ठरले, तेव्हा मांगरातल्या मुलांचा प्रश्न अधिकच बिकट झाला. मूल समोर बसून कविता म्हणत आहे, आणि यंत्राच्या लेखी ते नाही.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. निवृत्तीपूर्वी दोन-तीन वर्षांची गोष्ट. पट असा काठावर आला होता की एक नाव गेले तर आमच्या बाई अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जाणार आणि सातही इयत्ता आम्हां एकट्याकडे येणार. त्या ऑगस्टच्या अखेरीस सहावीतल्या एका मुलीचे वडील आले. सारे कुटुंब नालासोपाऱ्यास नेतो आहे, दाखला द्या, म्हणाले. आम्ही त्यांस नाही म्हटले नाही. शिक्का तालुक्याला गेला आहे, पुढल्या आठवड्यात या, असे सांगितले. पुढल्या आठवड्यात दुसरे काही सांगितले. मग गणपती आले. दाखला आम्ही दिला तो १ ऑक्टोबरला. दाखला ताबडतोब द्यावा, आणि त्यावाचून प्रवेश अडवू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. परंतु तिकडच्या शाळेने दाखला आणा असे सांगून तिला बाहेर ठेवले होते, हे आम्हांस मागाहून कळले. त्या मुलीचा महिना आमच्या टेबलाच्या खणात पडून होता. बाईंची बदली टळली आणि शाळा वाचली. त्या वर्षी सातवीच्या मुलांना दोन शिक्षक मिळाले हेही खरे. तरीही ती नोंद आम्ही केली त्या दिवशी तारखेच्या रकान्यात आमचे अक्षर वेडेवाकडे आले आहे, आणि त्या मुलीच्या वडिलांनी दाखला घेताना आम्हांस वाकून नमस्कार केला होता.

सरकारचेही एक म्हणणे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. २०२३ साली राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे १५,००० आणि त्यांतील मुले सुमारे १,८५,००० असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे शाळेमागे सरासरी १२-१३ मुले आणि सुमारे दोन शिक्षक. एवढ्याशा शाळेत मुलास सवंगडी मिळत नाहीत, खेळाचा संघ होत नाही, एकच मूल असलेल्या वर्गात स्पर्धा कोणाशी? हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चौथीतला एकुलता मुलगा वर्षभर पहिलाही येत असे आणि शेवटचाही. त्याआधी २०१७ मध्ये १० वा त्याहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचे ठरले होते. २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील नमुन्यावर समूहशाळा काढाव्यात असा विचार पुढे आला. चांगली इमारत, प्रत्येक विषयाला शिक्षक, मुलांना नेण्या-आणण्यास गाडी. नेआण खरोखर होणार असेल तर आम्ही स्वतः त्या शाळेच्या उद्‌घाटनास नारळ घेऊन जाऊ.

परंतु अंतर मोजतात ते कागदावर. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. आमच्या पलीकडच्या गावची शाळा तीन किलोमीटरांच्या आतच होती. मध्ये एक घाटी, एक वहाळ आणि त्यावर साकव. जुलैच्या पावसात त्या साकवाखालून जो लोंढा जातो तो पाहिलेला अधिकारी आम्हांस भेटावयाचा आहे. कारण जुलैत कोणी येतच नाही. शेजारच्या वाडीतली शाळा मिटली तेव्हा एका मुलीची आई आम्हांस म्हणाली, “गुरुजी, पऱ्याला पाणी चढलं की पोरीला कशी धाडू?” आम्ही तोडगा काढला, सायकलीचे सांगितले, सोबतीचे सांगितले. मुलगी जूनमध्ये आठ दिवस आली, मग नाही. तिचा भाऊ पिवळ्या गाडीने जात होता. वयाची बारा-तेरा वर्षे हीच मुलीला घरी बसविण्याची वर्षे असतात. चौथीपर्यंत कोणी अडवीत नाही, आणि दहावीपर्यंत पोचलेली मुलगी सहसा हटत नाही. गळते ती मधे.

म्हणूनच १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचा जो शासननिर्णय निघाला तो वाचून आम्ही अस्वस्थ झालो. सहावी ते आठवीच्या गटात पट २० पेक्षा कमी असेल तेथे शिक्षकाचे पद मंजूर होणार नाही, असे त्यात ठरविले होते. शिक्षकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. मूळ कायद्याने तर या तीन इयत्तांसाठी वर्गाला किमान एक शिक्षक सांगितला होता. आम्ही हिशेब घालून पाहिला. समजा सहावीत ६ मुले, सातवीत ७ आणि आठवीत ५. बेरीज १८, शिक्षक शून्य. दिवाळीनंतर खाणीवरून ३ आणि बागेतून २ आली, बेरीज २३. तरी शिक्षक शून्यच, कारण ३० सप्टेंबर टळून गेलेला असतो.

याला उपाय काय, असे आपण विचाराल. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण पट वर्षातून एकदा न मोजता दोनदा मोजावा, एक सप्टेंबरअखेर आणि एक जानेवारीत, आणि जो अधिक असेल तो धरावा, एवढी सूचना आम्ही नोकरीत असताना लेखी पाठविली होती. पोच मिळाली होती. मोठ्या गावांना एवढ्याने काही फरक पडणार नाही. वाडीवस्तीच्या शाळांना पडेल. दुसरे असे की शाळा मिटविण्यापूर्वी कोणीतरी त्या वाटेने एकदा पावसात चालून पाहावे, आणि बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी असावी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गावी जाऊन आलो. शाळा उभी आहे, कौलांच्या जागी पत्रे आले आहेत. रुळाचा तुकडा तोच. बाई आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी दाखलखारीज उघडून नवे पान दाखविले. दिवाळीनंतर नवी नावे चढली होती, तिसरीत, चौथीत आणि दोन सहावीत. मातृभाषा कानडी, कानडी, नेपाळी, मराठी, कानडी. त्या पानावर ऐजन लिहावयास जागाच नव्हती. सहावीतल्या दोघींपैकी एकीचे नातेवाईक, आम्ही प्रथम ‘कानडी’ लिहिले त्या थोरलीचे धाकटे भाऊ, म्हणजे त्या दिवशी पडवीत उभा असलेला तो लहान मुलगा, असे बाईंनी सांगितले. त्यानेच मुलीचे नाव घातले आणि अर्ज मराठीत लिहिला. प्रवेशाची तारीख नोव्हेंबरातली असल्याने यंदाच्या मंजुरीत त्या दोघी धरल्या गेल्या नव्हत्या, आणि सहावी-सातवीचे वर्ग बाई पहिली-दुसरीबरोबर एकाच खोलीत घेत होत्या.